एडिसनहून ताईला

एडिसन, न्यू जर्सी
२८ सप्टेंबर २०२५

ती. ताई,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. एक लाख डॉलर जावईबापूंना भरावे लागणार नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या १९ तारखेच्या फर्मानातली फी फक्त नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांना आहे. पण हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, आणि मधल्या रात्री या घरात कोणाचा डोळा लागला नाही. त्यांच्या ऑफिसातला एक मुलगा आईच्या वर्षश्राद्धाला ठाण्याला गेला होता. कंपनीचा निरोप आला, २१ तारखेच्या आत परत या. पिंडदान भावावर सोपवून तो विमानतळावर पळाला.

जावईबापूंची पहिली नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये होती, आठवतं ना? २०१२ साली ते इकडे आले तेव्हा थोरली नात दोन वर्षांची होती. ग्रीन कार्डासाठी त्यांचा अर्ज २०१६ चा आहे. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. त्यामुळे त्यांच्या वर्गात भारतीयांपैकी २०१३ च्या सुरुवातीला अर्ज केलेल्यांचा नंबर आत्ता लागतोय. नातीला एकवीस पूर्ण झाली आणि तोवर नंबर लागला नाही, तर ती आईबापांच्या अर्जातून गळते. मग स्वतःचा व्हिसा शोधायचा, नाहीतर ज्याची तिला काही आठवण नाही त्या मुलुंडला परतायचं. धाकटा इथे जन्मला, म्हणून १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिक. एका ताटात जेवणारी भावंडं आहेत गं ही! आता यापुढे जन्मणाऱ्या अशा मुलांचा तो हक्कही काढून घेण्याचा हुकूम जानेवारीत निघाला. कोर्टांनी तूर्त अडवून धरलाय.

१२ ऑक्टोबर

काल लेकीबरोबर जर्सी सिटीला गेले. नेवार्क अव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानं आहेत, कढीपत्त्यापासून तांब्याच्या कलशापर्यंत सगळं मिळतं. याच गावात १९८७ साली 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळीने भारतीयांना हाकलून देऊ असं पत्र वर्तमानपत्राला धाडलं होतं. कपाळावरचं कुंकू, म्हणजे 'डॉट', ही आपली माणसं ओळखायची त्यांची खूण. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या पारशी तरुणाला मुलांच्या टोळक्याने मारहाण केली, त्यात तो गेला. दुकानदारीणबाई माझ्या टिकलीकडे बघून म्हणाल्या, "तेव्हा आम्ही घराबाहेर पडताना काढून ठेवायचो."

ताई, मला आपली चाळ आठवली. बाबा 'मार्मिक' साप्ताहिक आणायचे. 'वाचा आणि थंड बसा' या सदरात दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या. दादा टायपिंगच्या परीक्षा देऊन घरी बसला होता, त्याची तळमळ खोटी नव्हती. पण राग निघाला तो समोरच्या खोलीतल्या तमिळ कारकुनावर. नोकऱ्या देणारे मालक नामानिराळे राहिले. त्या कारकुनाची बायको संध्याकाळी दाराला आतून कडी घालायची, ती कडी मी ऐकलेली आहे.

इथेही तसंच. फ्लोरिडात डिस्नेने कॉम्प्युटर विभागातल्या लोकांना काढलं आणि जाण्याआधी बदली आलेल्या व्हिसावाल्यांना काम शिकवायला लावलं, हे २०१५ साली गाजलं. त्या माणसांचा संताप मला कळतो. त्यांच्या घरात दादासारखंच कोणीतरी बसलेलं असणार. स्वस्त माणूस आणायचं ठरवलं कंपनीने, शिव्या खातो आपला जावई.

५ नोव्हेंबर

काल इथे मतदान झालं. न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदी मिकी शेरिल आल्या. नदीपलीकडे न्यूयॉर्कला कंपालात जन्मलेले, सिनेदिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव झोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आले. लेक-जावई टीव्हीसमोर रात्री उशिरापर्यंत बसले होते. त्यांच्या मालमत्ता करातून गावातली शाळा चालते, पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते, पण मत नाही.

१ ऑक्टोबरपासून इथल्या केंद्र सरकारचं कामकाज बंद आहे. आजवरचा सर्वांत लांब बंद. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची अन्नमदत या महिन्यात अडकली. नातीच्या शाळेने डबे गोळा केले, ते वाटायला मीही गेले. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीचा निळा सदरा घातलेला एक गोरा गृहस्थ आला. पगार नाही, ड्यूटी चालू. राजम्याचे चार डबे दिले, त्यातले दोन त्याने परत ठेवले, मागच्या बाईंना द्या म्हणाला. अशा माणसाला उद्या कोणी सांगेल, तुझे हाल या परक्यांमुळे. ते मला सहन होणार नाही, आणि म्हणून आपल्याकडचंही होत नाही.

तुझ्या बोरिवलीच्या सोसायटीत 'बाहेरच्या' भाडेकरूंना जागा द्यायची नाही असा ठराव येतोय म्हणालीस. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला, मराठी म्हणून, ऑफिसला जागा नाकारली, तेव्हा आपण दोघी किती चिडलो होतो! ताई, या ठरावाविरुद्ध उभी राहा. एकटी पडलीस तरी हात वर कर. वाटल्यास हे पत्र सभेत वाचून दाखव.

तुझी,
धाकटी