सुईणमाय

दोन महायुद्धांमधली वर्षं, असं पुस्तकात लिहितात. आमच्या गेवराईकडं त्या वर्षांच्या खुणा वेगळ्या होत्या. मानमोडीच्या साथीपासून रझाकारांपर्यंत. आजी त्याच काळात जन्मली आणि तिच्या आईची सातही बाळंतपणं त्याच काळात झाली. जगली तिघं. बारशाआधी गेलेल्यांना नावंच नव्हती. आजी त्यांना महिन्यावरून ओळखायची, श्रावणातलं, पौषातलं.

गाव गंगेकाठचं, म्हणजे गोदाकाठचं, मुलूख निजामाचा. दूर हैदराबादेत व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा जनाना दवाखाना होता. १९०८ च्या पुरानं जुनं रुग्णालय नेलं, त्यानंतर मुसीकाठी उस्मानियाची घुमटांची इमारत उभी राहिली. जालन्याला स्कॉटिश मिशनचा दवाखाना होता, पण मधे गंगा. नगरला, इंग्रजी हद्दीत, अमेरिकन मराठी मिशनचं बायकांचं इस्पितळ होतं. बैलगाडीनं तीन-चार मुक्काम. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातल्या मुली ससूनमध्ये सुईणकाम शिकत होत्या. रात्री कळा सुरू झालेल्या बाईला यातलं काहीच गाठता येत नव्हतं. तिच्यासाठी कंदील घेऊन माणूस धावायचा तो मांगवाड्याकडं.

सुईणमाय यायची. एरवी ज्या ओट्याला तिचा पाय लागू देत नसत, तो ओटा ओलांडून त्या रात्री ती थेट आतल्या खोलीत जायची. तेल लावलेल्या हातानं पोट चाचपून बाळ आडवं की उभं ते सांगायची. आजीची आई म्हणायची, त्या अंधारात तिचा तळवा पाठीवर पडला की निम्मी भीती जायची. बाळ आलं की ती वार पडायची वाट बघायची, मग वार पुरायची, बाळाला न्हाऊ घालायची. पायलीभर ज्वारी, जुनेरं, गुळाचा खडा घेऊन ती परत निघायची. मग घर शेणानं सारवलं जायचं. ज्या हातांनी वंश जगवला त्याच हातांचा विटाळ धुऊन काढायचा, हे आजीला लहानपणीही कळत नव्हतं. मला आजही कळत नाही.

नाळ विळ्यानं कापायची. वर गोवरीची राख. त्याच विळ्यानं आणि राखेनं धनुर्वात घरात येई, आणि त्याला सगळे सटवी म्हणत. चार-सहा दिवसांचं बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठायचं. पाचवीच्या रात्री पाट्यावर वरवंटा मांडून, दिवा तेवत ठेवून बायका जागत बसायच्या. मला त्या जागरणाचं नवल वाटतं. रोगाचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. घात होण्याचा दिवस मात्र त्यांनी लेकरं गमावत गमावत बरोबर हेरला होता. कुणी त्यांना विळा उकळून घ्यायला आणि राख न लावायला सांगितलं असतं तर!

जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर कामकरी बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. आईला या दिवसांत विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, असंही. १९२९ साली कायदा झाला. तो इलाख्यातल्या कारखान्यांपुरता. आमच्याकडच्या मोगलाईत रानात राबणारीला त्याचा वाराही लागला नाही.

आता गेवराईत सरकारी दवाखाना आहे, आशाताई आहेत, १०८ ची गाडी आहे. तरी दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ट्रका भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, कामाचा दिवस बुडाला की खाड्याचा दंड. गावातल्या आशाताईच्या वहीत नाव असतं, आणि नावाची बाई कित्येक कोसांवरच्या फडात असते.

आजी थकली होती तेव्हाची गोष्ट. शेजारची लेकीसारखी सून ट्रकमध्ये चढत होती. आजीनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मार्गशीर्ष. मग ती घरात गेली, धुतलेल्या लुगड्याचा तुकडा, उकळून वाळवलेला दोरा आणि दुकानातनं आणलेलं नवं पातं एका पुडीत बांधलं, आणि ट्रकच्या फळीपाशी जाऊन ती पुडी सुनेच्या हातात दिली.

“दवाखाना गाठायचाच बघ, माय. न्हाईच गाठला, तर ही. तवर सोडू नगं. आन् राख लावू देऊ नगंस कुणाला.”