ओलावा चौदा

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. वाशीम जिल्ह्यात तोवर पेरण्यांची धांदल असते. निम्मी लेकरं वावरात आणि गुरुजी पटावर गैरहजेरी मांडत बसलेले. मानोरा तालुक्यातल्या एका लहानशा, आपल्या पद्धतीनं चालणाऱ्या शाळेसाठी मी अभ्यासक्रम लिहायला घेतला, तेव्हा पहिला बदल एवढाच केला की वर्षाचं पहिलं पान तिफणीनं उघडलं. एकरी साधारण 30 किलो सोयाबीन लागतं, तर दोन एकरांना किती, दोन तासांमध्ये अंतर किती, पाऊस लांबला तर बियाण्याचं काय होतं, असं सगळं त्यात आलं. आठ दिवस उशिरा आलेलं पोरही मग काहीतरी घेऊनच वर्गात यायचं.

बालकेंद्री शाळा म्हटली की लोक विचारतात, मुलांना मोकळंच सोडायचं तर त्यात आखायचं काय? मला वाटतं, सगळ्यात जास्त आखणी इथंच लागते. पुस्तक धरून शिकवायचं तर पुढचं पान ठरलेलं असतं. लेकराच्या प्रश्नामागून जायचं तर तो प्रश्न ज्या चार वाटांनी जाईल, त्या चारही आपण आधी चालून आलेलं असावं लागतं. तरी तो पाचवीनं जातो.

2024 च्या दिवाळीआधीची गोष्ट सांगतो. पाचवीतला एक मुलगा सकाळी तोंड पाडून आला.

"सर, बाबानं सोयाबीन वापस आणलं."

"काऊन रे?"

"वल्लं हाय म्हनते. चवदा निंगलं."

त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि खरेदीला तेव्हा ओलावा 12 टक्क्यांपर्यंतच चालायचा. आमच्या वर्गातल्या प्रत्येक घरात हा बारा-चौदाचा हिशोब माहीत होता. शतमान मात्र सहावीच्या पुस्तकात होतं. त्या आठवड्यासाठी मी आराखड्यात लिहिलं होतं, 'सणांची माहिती'. वर्गाच्या बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि त्या मुलाला म्हणाल्या, त्याच पोत्यातलं एक किलो घेऊन ये.

किराणा दुकानातल्या काट्यावर दाणे तोलले. अंगणात गोणपाटावर पसरले, रात्री आत घेतले, सकाळी पुन्हा उन्हात. चौथ्या दिवशी ओलावा मोजून आणला, तो बारा भरला. काट्यावर 978 ग्रॅम भरले. मुलांनी आधीच अंदाज बांधला होता. चौदातून बारा गेले, राहिले दोन. किलोचे शंभर भाग केले तर एक भाग दहा ग्रॅमचा, म्हणजे 20 ग्रॅम घटायला हवेत. घटले 22. काटा खराब आहे म्हणून सगळे पुन्हा दुकानात गेले. काटा बरोबर होता.

खरं सांगायचं तर त्या प्रश्नाची वाट मी चाललेलो नव्हतो. दोन दिवस बाईंनी आणि मी कागदावर घोळ घातला आणि मुलांना उत्तर सांगायचं नाही एवढं पथ्य पाळलं. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं तुरीचे 86 दाणे मांडले आणि मक्याचे 14. तूर म्हणजे कोरडं सोयाबीन, मका म्हणजे पाणी. तिनं मक्याचे दोन उचलले, उरलेले मोजले आणि म्हणाली, "आता शंभर कुठं हायेत? अठ्ठ्याण्णवच त हायेत. मंग बारा टक्के कसे झाले?" तिसरा दाणा उचलला तेव्हा सत्त्याण्णवात मका अकरा राहिला, म्हणजे जरा जास्तच गेला. उत्तर दोन आणि तीन दाण्यांच्या मध्ये कुठंतरी होतं. दाणा फोडावा लागणार होता. त्या दुपारी अपूर्णांक आला, शतमान आलं, आणि शंभर कशाचे हे आधी विचारायचं असतं, हेही आलं. क्विंटलमागे सव्वादोन किलोच्या आसपास पाणी उडतं आणि त्या भावानं त्याचे साधारण 110 रुपये होतात, हे मुलांनी घरी जाऊन सांगितलं.

परिसरातून शिक्षण हा शब्द आता सरकारी कागदावरही असतो. परिसर वर्गात आणणं सोपं आहे. सोयाबीनचं चित्र काढलं, शेतकऱ्याची मुलाखत घेतली, झालं. सोयाबीनवरून शंभरापर्यंत जाणारी शिडी बांधणं हे खरं काम, आणि ती प्रत्येक पायरीला तपासावी लागते. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हातकाम हेच शिक्षणाचं माध्यम धरलं होतं. पुढे कित्येक शाळांत टकळी राहिली आणि तिच्यातलं गणित गेलं. सेवाग्रामला 2005 साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली. तिथं शेती, कातण आणि स्वयंपाकातून अभ्यास कसा उभा राहतो, हे आमच्यासारख्यांनी जाऊन बघावं असं आहे. ताराबाई मोडकांनीही हेच केलं. गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं त्यांनी माँटेसरी पद्धत आपल्याकडे रुजवली आणि 1945 मध्ये बोर्डीला गेल्यावर त्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले, खडे घेतले. लेकरं शाळेत येईनात तर त्या आणि अनुताई वाघ शाळा घेऊन अंगणात गेल्या. कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणात गेल्या. साधन स्वस्त झालं, पण त्यामागची शास्त्रीय मांडणी त्यांनी सैल होऊ दिली नाही.

माझी एक चूक मात्र सांगायलाच हवी. आमची बरीच लेकरं बंजारा तांड्यावरची. घरी आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. पहिलीच्या बाईंनी आधी गोरबोलीतले शब्द शिकायचे, मग मुलांनी मराठीतले, हे आम्ही पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. त्या उत्साहात मी श्रावणातली तीज आराखड्यात घातली. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. रोप रोज किती वाढतं ते मोजायला याहून चांगलं काय मिळणार, असं मला वाटलं. पट्टी घेऊन गेलो. तांड्यातल्या एका म्हातारीनं टोपल्यापुढे हात आडवा धरला. "हे मोजाचं नसते, गुरुजी." मुलीही गप्प उभ्या होत्या. आम्ही शाळेत फुटक्या डब्यांत वेगळे गहू पेरले आणि तेच मोजले. तेव्हापासून प्रत्येक घटकाच्या पानावर मी एक ओळ लिहितो, 'काय वर्गात आणायचं नाही'. मुलाचं सगळं जग शाळेच्या कामाला जुंपायचा हक्क शाळेला नाही.

इतिहासाला फार जागा देता येत नाही, पण सहावीत एक गोष्ट हमखास जमते. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट म्हणजे गाव दान दिल्याची नोंद. त्या दिवशी मुलं घरून सातबारा आणतात, आणि गाव कोणी दिलं, कोणाला दिलं हे ताम्रपटात, तर जमीन कोणाच्या नावावर हे सातबाऱ्यात शोधतात.

दिवाळी झाली की तांड्यातली काही घरं ऊसतोडीला जातात. लेकरंही जातात. म्हणून वर्षाचा जड भाग आम्ही दिवाळीआधी संपवतो, आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक वही देतो. रोज किती मोळ्या, गाडीत किती टन, टनाला दर काय, उचल किती फिटली, एवढंच त्यात लिहायचं. परत आल्यावर मार्च-एप्रिलचं गणित त्याच वहीवर चालतं. यंदा नऊ मुलं गेली आहेत. तुम्ही साखर कारखान्याच्या भागात शिकवत असाल आणि शाळेजवळ फड लागला असेल, तर एकदा कोप्यांकडे चक्कर मारा आणि तिथल्या लेकराला त्याची वही मागा. निळ्या पुठ्ठ्याची आहे.