थोडक्या पैशांतली यात्रा

प्रवास म्हणजे पैशाचा चुराडा, अशी एकत्र कुटुंबांतील जुनी समजूत. तिचा भार पडतो तो स्त्रियांवर. पुरुष कामानिमित्त तरी चार गांवें पाहतात. आमच्या सासूबाईंनीं पंचाहत्तरी ओलांडली, पण सेनगावाहून इतक्या जवळचा औंढ्याचा नागनाथ पाहिला नव्हता. "उगाच खर्च कशाला?" हें त्यांचें ठरलेलें उत्तर.

2022 सालीं पंचाहत्तरीपुढील वृद्धांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य झाला. 2023 सालीं स्त्रियांस निम्में भाडें झालें. तें उत्तर आतां लटकें पडलें व आम्ही दोघी निघालों. वाटेंत नरसीस नामदेवांचें दर्शन, हिंगोलीस गाडी बदलणें, दुपारीं झाडाखालीं दशम्या आणि चटणी. खर्च काय तो माझ्या अर्ध्या तिकिटाचा!

औंढ्यास नंदी देवळाच्या मागल्या बाजूस आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळच फिरलें, ही कथा सासूबाईंनीं मला तेथें उभें राहून सांगितली. इतकें बोलतांना मीं त्यांना घरीं कधीं ऐकलें नव्हतें. परततांना म्हणाल्या, "सूनबाई, पंढरपुरास गाडी किती वाजतां असते ग?"

वाचकभगिनींनो, आपल्या घरींही "खर्च कशाला" म्हणणारें कोणी असेल. त्या नकारामागें इच्छाच नाहीं, असें मात्र समजूं नये.