जिन्यासाठी शहाबाद

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काश्मीरचे शिकारे नाहीतर स्वित्झर्लंडची बर्फाळ शिखरे येतात. मी गेलो होतो शहाबादला. तेही हवापालटासाठी नव्हे की यात्रेसाठी नव्हे. जिन्याला फरशी कोणती बसवावी हे ठरवण्यासाठी! ही गोष्ट स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे नीट निरखून पाहिले. घरी तर निकाल आधीच लागला होता. "कोपऱ्यावर फरशीचं दुकान आहे," सौ. म्हणाली, "मीठ आणायला कोणी समुद्रावर जातं का?"

पण कोपऱ्यावरच्या दुकानात मी एकदा फसलो होतो. दुकानदाराने फसवले असे म्हणणार नाही. फसवले ते माझ्याच हौसेने.

पुण्यात आमच्या आजोबांनी १९५८ साली बांधलेले घर आहे. तळमजल्यावर आम्ही आणि वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. दोन्ही मजले मिळून चौतीस पायऱ्या. आजोबांनी प्रत्येक पायरीला शहाबादी फरशीचा अखंड तुकडा घातला होता. साठ वर्षांत त्या पायऱ्या मधोमध झिजून उथळ परातीसारख्या झाल्या, काहींच्या कडा उडाल्या. २०२१ साली मधल्या मजल्यावरची एक जागा रिकामी झाली. घर पाहायला येणारी माणसे जिना चढतानाच नाक मुरडीत. दलाल म्हणाला, "सर, आधी जिना चकाचक करा, मग भाडं सांगा." मी जुनी फरशी काढून तिच्या जागी आरशासारख्या चमकणाऱ्या टाइल्स बसवल्या. जागा आठवड्यात गेली. मी स्वतःच्या व्यवहारज्ञानावर बेहद्द खूष झालो.

२०२३ च्या जुलैत एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घेऊन वर चढत होत्या. कोणाच्या तरी छत्रीचे पाणी पायरीवर निथळले होते. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा काकू मधल्या चौकात बसल्या होत्या, दूध चार पायऱ्या खाली ओघळले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटापासून भलताच वळला होता.

या काकू लग्न होऊन १९६९ साली आमच्या घरात राहायला आल्या. माझा जन्म नंतरचा. म्हणजे घरातले त्यांचे वास्तव्य माझ्याहून जुने! माझी आई शाळेत शिकवायला जाई तेव्हा दुपारचा मी काकूंच्या स्वयंपाकघरात वाढलो आहे. इस्पितळात मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "माझाच पाय चुकला रे. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने फोनवर मला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, "तिला आता तिथून हलवावं म्हणतो." शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

जिन्याची एक गंमत आहे. भाडेकरू म्हणतो, जिना मालकाचा. मालक तळमजल्यावर राहतो, त्याला तो चढावा लागत नाही. म्हणजे ज्याचा आहे तो वापरत नाही आणि जो वापरतो त्याचा तो नाही. कायद्याने मात्र याचा निवाडा केलेला आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाड्याची जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे. वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळते हे कलम आम्हा घरमालकांना तोंडपाठ असते. हे दुसरे कलम आम्ही सहसा उलगडत नाही.

काकूंचे प्लॅस्टर निघाले, पण त्या खाली उतरेनात. मी दुकाने पालथी घातली. एकाने ग्रॅनाइट दाखवला, एकाने कोटा, एकाने मोझाइक, एकाने रबराचे पट्टे चिकटवायला सांगितले. सगळेजण फरशीवर हात फिरवून दाखवत; पाय ठेवून कोणीच दाखवत नव्हते.

अशात २०२४ च्या जानेवारीत परीक्षेच्या कामासाठी सोलापूरला गेलो. काम एक दिवस आधी संपले आणि मनात आले, शहाबाद इथून किती लांब? भाषेच्या मास्तराला हा मोह व्हायला आणखी एक कारण होते. पैठणी नेसणारीला पैठण आठवत नाही, कडप्प्याच्या ओट्यावर पोळ्या लाटणारीला आंध्रातले कडप्पा माहीत नसते, तसे शहाबादी हे विशेषण आम्ही रोज पायाखाली तुडवतो आणि शहाबाद नावाचे गाव आहे हे विसरतो.

सोलापूर सोडले की गाडी अक्कलकोट रोडवरून दुधनीला येते. दुधनी मागे पडले की महाराष्ट्र संपतो. मग गाणगापूर रोड. दत्तभक्तांची झुंबड तिथे उतरली आणि डब्यात पाय पसरायला जागा झाली. मग कलबुर्गी, म्हणजे २०१४ पर्यंतचे गुलबर्गा. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. डब्यात कानडी, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात नांदताना ऐकल्या.

खिडकीबाहेर मात्र याहून मोठी सरहद्द ओलांडली जात होती. आपला महाराष्ट्र बहुतेक काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांमागच्या लाव्ह्याचा. हा दगड घणाला दाद देत नाही आणि त्याची पातळ फरशीही निघत नाही. म्हणून पर्वतीच्या पायऱ्या घडवलेल्या ठोकळ्यांच्या आहेत. कलबुर्गीच्या आसपास हा काळा थर विरळ होत जातो आणि त्याच्याखाली दबलेला, त्याच्याहून कितीतरी पुरातन असा चुनखडीचा दगड उघडा पडतो. एका प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तो झालेला आहे. वहीची पाने सुटावीत तसे त्याचे थर सुटतात. शहाबादी फरशी ती हीच. चुनखडीमुळेच या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले.

शहाबादच्या बाहेर दगडाच्या खाणी आहेत. खाण म्हणजे खोल बोगदा नव्हे, उघडा खड्डा. वरची काळी माती बाजूला सारलेली आणि खाली राखाडी, निळसर दगडाचे सपाट आवार, जणू कोणी मोठ्या वाड्याचा चौक आधीच फरसबंद करून ठेवला आहे. आता कापायला यंत्राची पाती आली आहेत. पण कापलेला तुकडा थरातून उचलायला अजून पहार आणि छिन्नीच लागते. धूळ एवढी की माणसांच्या पापण्याही राखाडी झालेल्या. आपण फरशीचा भाव करतो तेव्हा या पापण्या त्यात धरलेल्या नसतात.

एका वखारीत एक म्हातारे पाथरवट भेटले. मी माझी कथा सांगितली. ते काही न बोलता उठले आणि त्यांनी तीन तुकडे जमिनीवर मांडले. एक यंत्राने घासून चकचकीत केलेला, दुसरा थरातून सुटला तसाच आणि तिसरा टाकीने टाचलेला.

"चप्पल काढा, सर."

मी काढली. तिन्हींवर उभा राहिलो. चकचकीत तुकडाच पायाला सर्वांत सुखाचा वाटला. मग त्यांनी तांब्याभर पाणी तिन्हींवर ओतले.

"आता बगा."

टाचलेल्या दगडाने पाय धरून ठेवला. थराच्या दगडानेही धरला. चकचकीत तुकड्यावर मी टाच टेकली मात्र, पाय पुढे निघाला आणि म्हाताऱ्याने माझा दंड पकडला. त्या एका क्षणात काकूंना काय झाले ते मला प्रथमच कळले. पाय चुकला नव्हता. पायाने काहीच चूक केली नव्हती.

"फरशी डोळ्यांनी घ्यायची न्हाई, सर," ते म्हणाले, "पायांनी घ्यायची. आन् कोरडी बगून घ्यायची न्हाई, वली करून घ्यायची."

मग त्यांनी मला धडाच दिला. ग्रॅनाइट याहून कितीतरी कठीण, झिजणारच नाही; पण त्याची चकाकीही झिजणार नाही, म्हणून पायरीला घ्यायचाच तर खडबडीत केलेला घ्या. शहाबादी झिजते, पण पाय सांभाळते. तिला अॅसिडने धुऊ नका, चुन्याचा दगड आहे, अॅसिड त्याला खाते. नाण्याने वाजवून घ्या. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर आत चीर आहे. बसवल्यावर पुन्हा वाजवा. खाली पोकळी राहिली तर गॅसचा सिलिंडर कडेवर आपटला की तुकडा उडालाच. भाड्याच्या घरात तर दर दोन-तीन वर्षांनी कोणाचे ना कोणाचे कपाट त्या जिन्यावरून जायचेच.

"आन् जुनी फरशी कुठं टाकली?" त्यांनी अचानक विचारले.

"परसात पडली आहे. धुणं धुवायला वापरतो."

म्हातारे हसले. "तिची एकच बाजू झिजलीय न्हवं? दुसरी बाजू तुमच्या आजोबांनी तुमच्यासाठीच ठेवलीया. पालटून टाकी मारा, बसवा!"

मी गप्पच झालो. मग फुटक्या पायऱ्यांपुरते नऊ तुकडे निवडून त्यांचे पैसे दिले, ते पुण्याच्या ट्रकमधून पाठवायची व्यवस्था केली आणि परतीची गाडी धरली. घरी हकिकत ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे शहाबादला जाऊन तुम्ही आपल्या परसातली फरशी घेऊन आलात!"

मार्चमध्ये काम निघाले. आमचे गवंडीही जाणते निघाले. जुन्या टाइल्सवरच फरशी चढवून पैसे वाचवावेत असे माझ्या मनात होते. ते म्हणाले, "तसं केलं की पहिली पायरी उंच होते आणि शेवटची बुटकी. बाकीच्या सारख्या. माणूस पायऱ्या मोजत नाही, त्याचा पाय मोजतो. एक पायरी बोटभर चुकली तरी तो पडतो." घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरहून उंच आणि २५० मिलिमीटरहून अरुंद असू नये, असा आपल्या बांधकाम संहितेचाही दंडक आहे. टाइल्स उखडल्या. जुनी फरशी पालटली, टाचली. कडेची धार मारून गोलाई दिली, कडेजवळ दोन खाचा पाडल्या. पाणी साचू नये म्हणून प्रत्येक पायरीला किंचित उतार ठेवला. जिना बंद ठेवता येईना, म्हणून आधी एकाआड एक पायरी बसवली, त्या पक्क्या झाल्यावर उरलेल्या. मधल्या मजल्यावरची मुले तेवढे दिवस दोन-दोन पायऱ्या टाकत कॉलेजला गेली. कठडा पक्का केला आणि वर-खाली दोन्हीकडून लागणारा दिवा बसवला. अंधारात चांगली फरशीही काय करणार?

वर्षभराच्या भाड्यात हा खर्च निघाला नाही. पण त्या दिवसांत काकू आमच्याकडे खालीच राहायला होत्या. एका रात्री मी धीर करून म्हणालो, "काकू, तुमचा पाय नव्हता चुकला. माझी फरशी चुकली होती."

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं रे. पण तू किती हौसेनं बसवली होतीस!"

जिना पुरा झाला त्या दिवशी मी पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतले आणि अनवाणी वर चढून खाली आलो. मग काकूंचा हात धरला. दहाव्या पायरीवर त्यांनी हात सोडवून घेतला आणि कठडा धरून त्या एकट्या वर गेल्या. मुलाने त्यांना हलवण्याचा विषय अजून सोडलेला नाही, आणि तो चुकतो आहे असे मी कसे म्हणू? पण रोज सकाळी त्या दूध आणायला खाली उतरतात.

नवीन भाडेकरू जिना पाहून फारसे खूष होत नाहीत. "जरा जुन्या पद्धतीचा आहे," म्हणतात. मी मान डोलावतो आणि त्यांना एकच विनंती करतो, एकदा चप्पल काढून चढून पाहा.