काचेवरचे चेहरे

आमच्या लहानपणी नांदेडात छायाचित्र काढून घेणे हा घरातला सोहळाच असे. भिंतीवरच्या पडद्यावर राजवाडा व कारंजे रंगविलेले. त्यापुढे खुर्चीत आजोबा, आणि भोवती तेल लावून केस चापून बसविलेली आम्ही मुले. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून दिसेनासा होई आणि आतून हुकूम येई, “हलू नका!” नाकाला खाज सुटायची ती नेमकी त्याच वेळी.

पुढे लातुरास शिक्षक झालो, तेव्हा मुलांना मी लाला दीनदयाळ यांची हकिकत सांगत असे. १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी जन्मलेला हा गृहस्थ रुडकीस अभियांत्रिकी शिकून इंदुरास सरकारी नोकरीत लागला. छंद म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला आणि अखेर त्या छंदापायी पक्की नोकरी सोडली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या निजामाने दीनदयाळांना दरबारी छायाचित्रकार नेमले, आणि १८९४ साली ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला.

दीनदयाळांनी राजेरजवाडे टिपले, वेरूळची लेणी टिपली. पण मला त्यांचे मोल वाटते ते निराळ्याच चित्रांसाठी. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादेस अन्नाला मोताद झालेली माणसे त्यांच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. त्या काळी प्रतिमा काचेवर उमटे. काच फुटली की चेहरा कायमचा गेला. १९०५ मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या २८५७ काचा मात्र आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेल्या आहेत.

ही हकिकत ऐकणाऱ्या एका विद्यार्थ्याने पुढे लातुरात छायाचित्रांचे दुकान थाटले. मुलाने नोकरी धरावी, अशी वडिलांची इच्छा होती, आणि त्यांचेही खोटे नव्हते. लग्नसराई संपली की गल्ला रिकामा. परीक्षेच्या अर्जांवरची चिमुकली छायाचित्रे आणि शाळांतील वर्गांची सामूहिक छायाचित्रे यांवर त्याचे पोट चाले. सवड मिळाली की तो खरोशाची लेणी नाहीतर उदगीरचा किल्ला गाठी. ती देखणी चित्रे कोणी विकत घेत नसे. दुकानाच्या भिंतीला तेवढी शोभा आली! एक गोष्ट मात्र तो नेमाने करी. प्रत्येक निगेटिव्ह कागदात गुंडाळून त्यावर गाव व तारीख लिही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. काही दिवसांनी लोक त्याच्या दुकानाची पायरी चढू लागले. त्यांना आपल्या माणसाचा निदान चेहरा तरी हवा होता. तो गावांची नावे वाचीत पुडक्या सोडी. पैसे त्याने कोणाकडूनही घेतले नाहीत.

एका बापाला आपली मुलगी हवी होती. वर्गाच्या छायाचित्रात ती तिसऱ्या रांगेत, पुढच्या मुलीच्या खांद्याआड अर्धी झाकलेली. अंधारखोलीतील लाल दिव्याखाली त्याने तेवढाच भाग मोठा करून पाहिला. तीन कागद वाया गेले. चौथ्या कागदावर, द्रावणात, आधी वेणीची रिबीन उमटली, मग कपाळ, मग डोळे. कागद अजून ओला होता. वाळू द्या, असे तो म्हणाला. पण बापाने तो तसाच, दोन्ही हातांनी, उचलून घेतला.