गुडघ्यांचा मोबदला

माँट्रियल,
ऑक्टोबर २०२५

प्रिय वसंता,


आइस हॉकीचा गोलरक्षक केरी प्राइस याच्याबद्दल तू लिहिलंस, ‘२०२२ पासून एक सामना खेळला नाही, तरी वर्षाला सरासरी एक कोटी पाच लाख डॉलरचा करार चालूच! हा कसला न्याय?’ मला हे मुळीच पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

आकडा मोठा आहे, खरंच. २०१७ साली आमच्या कॅनेडियन्स संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा, आठ कोटी चाळीस लाखांचा करार केला. तोवर कुठल्याही गोलरक्षकाला एवढी रक्कम मिळाली नव्हती. (क्वेबेकमध्ये एवढ्या कमाईच्या वरच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त कर जातो, तेही लक्षात घे.) पण एनएचएल या हॉकी लीगमध्ये संघ ३२ आणि गोलासमोर उभा राहणार एकच. प्राइसचे वडीलही गोलरक्षक. १९७८ मध्ये फिलाडेल्फियाने त्यांची निवड केली, पण या लीगमधला एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या अनाहिम लेक या आडगावातून सरावाचं मैदान तीनशे किलोमीटरहून लांब. तर त्या माणसाने मुलासाठी छोटं विमान घेतलं आणि स्वतः चालवत त्याला सरावाला नेलं.

पुढे काय झालं ते गुडघ्यांना विचार. आजचा गोलरक्षक गुडघे आत वळवून बर्फावर आपटतो, पाय दोन्ही बाजूंना फाकवतो, पुन्हा उठतो. सामन्यात, सरावात, वर्षानुवर्षं. समोरून १७० ग्रॅमची कडक रबरी चकती कधी ताशी दीडशे किलोमीटरहूनही वेगाने येते. २०२१ मध्ये प्राइसने संघाला स्टॅनले कपच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं, त्याच उन्हाळ्यात गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. नंतर जेमतेम पाच सामने. एप्रिल २०२२ मध्ये शेवटचा. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

आता जुन्या काळातला गोलरक्षक टेरी सॉचक बघ. १०३ सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि कारकिर्दीचा मोठा काळ तो मुखवट्याशिवाय उभा राहिला. चेहऱ्यावर शेकडो टाके पडले. तेव्हा संघ सहाच, म्हणून मालक म्हणेल तो पगार. त्याचा डेट्रॉइटमधला जुना सहकारी टेड लिंडसे १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना बांधायला निघाला, तर त्याला शिकागोला धाडलं. सोबत गोलरक्षक ग्लेन हॉललाही. संघटना टिकून उभी राहिली ती १९६७ मध्ये. सॉचक १९७० साली, चाळिसाव्या वर्षी गेला.

प्राइसला २०१५ मध्ये खेळाडूंनीच मतदान करून सर्वोत्तम ठरवलं. तो पुरस्कार याच लिंडसेच्या नावाचा आहे. दुखापतीनंतरही पगार देण्याची हमी मालकांनी आपणहून दिलेली नाही. ती अशा माणसांनी झगडून मिळवली. म्हणून प्राइसला मिळालेला प्रत्येक डॉलर मला रास्तच वाटतो.

तू कबड्डीची पोरं तयार करतोस. गुडघा गेला की पोराचं काय होतं, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. उद्या त्यातलं कुणी मोठ्या संघाच्या करारावर सही करायला बसलं, तर रक्कम विचारण्याआधी एवढं विचारून घे: मोसमाच्या मध्यात पाय मोडला, तर पैसे मिळणार का? आणि उत्तर लेखी घे.

तुझी,
ताई