अडकित्ते सांभाळणारा गृहस्थ

आमच्या येळ्ळुरात भात पिकते. म्हणून पूर्वी घरोघर उखळ, मुसळ, सूप आणि मापाची पायली ही असावयाचीच. गिरणी आली, तराजू आला, आणि ही साधने माळ्यावर गेली. तेथून ती मोडीत निघतात. मोडवाला पितळेचे वजन करतो. त्या पायलीने किती पिढ्यांना धान्य मोजून दिले, हे त्याच्या काट्यावर येत नाही. त्यास दोष कशाला द्यावा? त्याचा तो धंदाच आहे.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांचा धंदा मात्र चष्म्यांचा होता. 'अज्ञातवासी' ह्या नावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांस जुन्या वस्तूंचे वेड लागले. राजेरजवाड्यांच्या तलवारी कोणीही जपेल. ह्या गृहस्थाने अडकित्तेही जपले! दिवे, कुलुपे, दौती, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दरवाजे असे करीत संग्रह वीस हजारांच्या घरात गेला. घरात रोज नवे जुनेपाने येत असता पत्नी कमलाबाईंनी ते कसे सोसले असेल, ह्याचा विचार आमच्या वाचक भगिनींनी अवश्य करावा.

त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. त्याच्याच नावाने हे संग्रहालय ओळखले जाते. ज्या वस्तूंत लेकराचे नाव गुंतलेले, त्या दुसऱ्याच्या स्वाधीन करणे सोपे का असते? तरीही १९७५ साली केळकरांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. एरवी संग्राहकामागे वाटण्या होतात आणि एकेक वस्तू बाजाराची वाट धरते.

चर्चमधील जुन्या मूर्ती, चांदीची पात्रे आणि मिस्साची वस्त्रे ह्यांनाही तेच भय असते. म्हणून गोव्यात १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कला संग्रहालय उभे राहिले. २००२ साली ते जुने गोवे येथील सांता मोनिका मठात आले.

अशा कामात वस्तू मिळविणे हा अर्धाच भाग. ती कोणाची, कोठली, कशासाठी वापरली, ही नोंद नसेल तर ती मुकी राहते. कोणत्या मापाने मजुरी देत आणि कोणत्या मापाने बियाणे मोजीत, हे आमच्या गावातील म्हाताऱ्या मावश्यांस अजून ठाऊक आहे. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही ते एका वहीत उतरवून घेत आहो. पायली घरीच असू द्यावी. आठवण तेवढी घेऊन यावे.